झिजलेला गेज

१

नौदलाच्या निरीक्षकांनी पहिला बुश उचलला, आपल्या पेटीतला माप तपासायचा गेज त्याच्या भोकावर टेकवला, आणि तो काही आत जाईना. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. टेबलावर मांडलेल्या सगळ्या बुशांची तीच गत. तिकोन्यांच्या कारखान्यातला चहा तोवर गार झाला होता आणि मालकीणबाईंचा चेहरा त्याहून.

मग निरीक्षकांनी कारखान्याचा गेज मागवला. तो मात्र प्रत्येक भोकात सुळकन गेला. दोन्ही गेज नौदलानेच दिलेले, एकाच मापाचे. निरीक्षकांनी कारखान्याचा गेज तिथल्या तिथे मोजला, तेव्हा उलगडा झाला. तो बारीक झाला होता. केसाच्या जाडीचे दहा भाग केले तर त्यातला एक, एवढाच. पण तेवढ्याने सगळा लॉट नापास झाला. जाताना निरीक्षक दाराशी थांबून म्हणाले, की पोलाद आपोआप झिजत नाही; कोणी झिजवलं ते मला कळवा.

हे बुश कशाचे, ते सांगायला हवं. क्षेपणास्त्रं डागणाऱ्या विनाशिकेच्या डेकवर चौकोनी झाकणांच्या ओळी असतात आणि प्रत्येक झाकणाखाली एक क्षेपणास्त्र उभं असतं. झाकण एरवी इतकं घट्ट हवं, की लाट वरून गेली तरी थेंब आत जाऊ नये. आणि वेळ आली की क्षणात उघडायला हवं. ते ज्या बिजागरीवर फिरतं, तिच्या खिळीभोवती हा मुठीत मावेल एवढा, नळीच्या तुकड्यासारखा बुश बसतो. भोक जरा लहान राहिलं, की खीळ अडते आणि झाकण रेंगाळतं. अशी नौका तीस-तीस वर्षं चालते. तिचे मूळ भाग बनवणारे तोवर कुठल्या कुठे गेलेले असतात, मग सुटे भाग कामशेतहून बेडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अशा एखाद्या छोट्या कारखान्यात बनतात. अट एकच, कुठलाही बुश कुठल्याही झाकणाला बसला पाहिजे. भर समुद्रात कानस घेऊन बसायला कुणाला सवड नसते.

अनघा केदारींना हे सांगावं लागत नव्हतं. त्यांची उमेदीची वर्षं नौदलाच्या आरेखन विभागात अशीच झाकणं कागदावर उतरवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुरवंड्याला नागफणीच्या कड्यासमोर घर बांधलं. शेजारीपाजारी त्यांना फटकळ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांना तिकोन्यांच्या कारखान्यातून फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तोही काही शोधून काढा म्हणून नव्हे. कारखान्याच्या मालकीणबाई रेणुका तिकोने यांना गुन्हेगार आधीच सापडला होता. त्यांना फक्त पोलिसांत द्यायची तक्रार नीट तांत्रिक भाषेत लिहून हवी होती.

"कोणावर तक्रार?" अनघाबाईंनी विचारलं.

"प्रज्ञेश ओव्हाळ. आमचा तपासणीवाला," रेणुकाबाई म्हणाल्या. "गेज त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. दुसरं कोण असणार?"

हा प्रज्ञेश बेडशाचा. डिप्लोमा करून गेली काही वर्षं इथेच होता. नुकतीच त्याची मुंबईच्या गोदीत निवड झाली होती. सगळं ठरलं होतं, फक्त पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी यायची होती. युद्धनौकेच्या भागात घातपात केल्याची तक्रार झाली, की ती पडताळणी गेली, गोदी गेली, आणि संरक्षणाच्या कुठल्याही कामाचं दार जन्मभरासाठी बंद. रेणुकाबाई चार वाजता चौकीत जाणार होत्या.

तक्रार लिहून देईन, पण काय घडलं ते कळल्यावर, असं सांगून अनघाबाईंनी गाडी काढली.

२

तपासणीची खोली काचेची होती. प्रज्ञेश आत एकटाच उभा होता. तिशीच्या आतला, नीटनेटका, विचारलं तेवढंच बोलणारा. अनघाबाईंना असे लोक आवडत. पण असे लोक गुन्हेही उत्तम करतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

गेज टेबलावर होता. मधे पकडायला खरखरीत जाळीची मूठ आणि दोन्ही टोकांना गुळगुळीत पोलादी दट्टे. एका टोकाला म्हणायचं गो, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं नो-गो, ते जाता कामा नये. एक गेलं आणि दुसरं अडलं, की भोक बरोबर. इतकं साधं यंत्र, की त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

अनघाबाईंनी भिंग लावलं. दट्ट्यांवर अगदी बारीक गोल रेघा होत्या, दोन्ही टोकांना सारख्या. त्यांनी स्वतः मोजलं. गो जितकं झिजलं होतं तितकंच नो-गोही. मुठीच्या जाळीत एका जागी काहीतरी लाल अडकलं होतं.

"हे लाल काय?"

"कारखान्यात नापास मालावर लाल रंग लावतात," प्रज्ञेश म्हणाला.

मग त्याने बाकीचं सांगितलं. नवरात्रात तपासलेला लॉट मुंबईला जाऊन नौकेवर बसलासुद्धा, एकही तक्रार नाही. म्हणजे तोवर गेज ठीक होता. खंडेनवमीला दुपारीच तो रजा घेऊन निघाला, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आईला घेऊन देहूरोडच्या विहारात जायचं होतं. निघताना गेज पेटीत ठेवला, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. दसरा आटपून कामावर आला तेव्हा गेज पेटीतच होता. तेलाचा हात नेहमीपेक्षा जरा सढळ दिसला, एवढंच. तो त्याने पुसला आणि नव्या लॉटचं काम सुरू केलं.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्याकडे. दुसरी ताईंच्या जुडग्यात."

ताई म्हणजे रेणुकाबाई. त्यांनी आपलं जुडगं कुणाच्या हाती दिलं नव्हतं, असं अनघाबाई आल्याआल्याच त्या सांगून मोकळ्या झाल्या होत्या. कपाट कुणी उघडलं नाही, गेजला कुणी हात लावला नाही, हे त्यांनी कारखान्यातल्या एकेकाला विचारून घेतलं होतं.

अनघाबाईंनी भिंग खाली ठेवलं.

"तू केलंस?"

"नाही, मॅडम."

"मग कोणी?"

प्रज्ञेशने काचेपलीकडे पाहिलं. तिकडे लेथ चालू होता, ऑफिसचं दार उघडं होतं, आणि कुणीही मान वर करून इकडे बघत नव्हतं.

"मी नाव घेणार नाही," तो म्हणाला.

अनघाबाई खुर्चीत टेकल्या. या मुलाचा सगळा जन्म चार वाजता पणाला लागणार होता. त्याला उत्तर माहीत होतं, आणि तो ते देणार नव्हता.

३

कारखान्यात उरलेले तिघं. स्टोअर सांभाळणारी सारिका, लेथ चालवणारा जुना टर्नर बजरंग खांडभोर, आणि रेणुकाबाईंचा पुतण्या सत्यम, जो उत्पादन बघत असे आणि उद्या मालक होणार असं धरून चालत असे.

सारिकाला समोर बसवलं आणि ती रडायलाच लागली. अनघाबाईंना रडणाऱ्या माणसांचा कंटाळा होता, पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. सारिकाचा भाऊ प्रितम कान्हे गावच्या एका कारखान्यात होता, आणि बुशांची हीच ऑर्डर त्या कारखान्यालाही हवी होती. खंडेनवमीच्या दिवशी हा प्रितम तिला न्यायला आला आणि थेट आत आला. नौदलाचं काम चालतं तिथे बाहेरच्या माणसाला मज्जाव, तरी आला. त्याने ऑफिसात मांडलेल्या पूजेला हात जोडले, पेढा खाल्ला आणि बहिणीला घेऊन गेला. तेव्हापासून सारिकाला झोप नव्हती. आपल्या भावाचं नाव निघणार या भीतीने तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

"तो तपासणीच्या खोलीकडे गेला?"

"नाही हो मॅडम. ऑफिसातच उभा होता. सगळेच तिथे होते, आरती चालली होती."

अनघाबाईंनी हे मनात टिपलं. प्रतिस्पर्ध्याला घात करायचाच तर गेज पळवेल, मोडेल. केसाच्या दहाव्या भागाने झिजवून, वर तेल लावून, पुन्हा पेटीत ठेवणारा प्रतिस्पर्धी त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

बजरंग साठीला आलेला. तो या कारखान्यात रेणुकाबाईंचे यजमान बाजीराव तिकोने असल्यापासूनचा. बाजीराव गेले आणि रेणुकाबाई खुर्चीत बसल्या, तरी बजरंगच्या मते कारखाना अजून बाजीरावांचाच होता. त्याला बसायला सांगितलं तर तो बसला नाही. लेथला हात टेकून उभ्याउभ्या बोलला, आणि बोलला म्हणजे तक्रारच केली.

पहिली तक्रार प्रज्ञेशची. दसऱ्यानंतर पोराने माल फेकायचा सपाटा लावला होता. भोक मोठं झालं म्हणून चांगले चांगले बुश भंगारात. बजरंगने त्याच्याशी भांडण केलं, तर त्याने गेज लावून दाखवला. नो-गो खरंच आत जात होता.

"माजा हात असा चुकत न्हाई, मॅडम. लेथ तोच, मी तोच, मग भोक मोठं व्हतंयच कसं? पर पोरगं ऐकंना. गेज म्हनंल ते खरं."

दुसरी तक्रार कोणाची, ते त्याला माहीत नव्हतं. खंडेनवमीला त्याने आपल्या लेथच्या चकला, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या जबड्याला, हळदीकुंकू लावलं, हार घातला. ते कुंकू कुणी पुसायचं नसतं, काम करताकरता आपसूक जातं. दसरा झाल्यावर कामावर येऊन बघतो, तर हार जागच्या जागी आणि चक मात्र धुतल्यासारखा लख्ख.

"असं करत्यात का? मी कुनाला इचारलं न्हाई. पर मनाला लागलं."

अनघाबाईंनी त्याला भंगाराची पेटी दाखवायला सांगितली. त्यातले लाल पट्टा मारलेले बुश त्यांनी काढले, एकेक पुसला आणि कारखान्याचा गेज बाजूला ठेवून मोजमापाच्या यंत्रावर मोजला. त्या बराच वेळ मोजत राहिल्या.

बजरंगचं खरं होतं. भंगारात टाकलेले बहुतेक बुश चांगले होते, आणि मुंबईला जायला निघालेले सगळे खराब.

४

सत्यमने अनघाबाईंसाठी स्वतः चहा आणला. हा मुलगा गोड बोलत होता आणि त्याला आपण गोड बोलतो हे माहीत होतं. त्याच्या बोलण्यातून सगळं प्रकरण अगदी सरळ दिसू लागलं. प्रज्ञेशला मुंबई मिळाली, आता इथे जीव लागत नव्हता. कुणीतरी त्याला चार पैसे देऊ केले असतील. गेज बारीक केला की लहान भोकंही पास, नौकेवर घोटाळा, आणि तिकोन्यांचं नाव कायमचं काळ्या यादीत.

"आणि मॅडम, तो आमच्यात मिसळायचा नाहीच," सत्यम म्हणाला. "पूजेलासुद्धा थांबला नाही."

अनघाबाईंनी चहा प्यायला. मग त्याला विचारलं, की सकाळी कारखाना उघडतं कोण? रोज तोच उघडत होता, सगळ्यांच्या आधी येऊन. दसऱ्यानंतरच्या सकाळीसुद्धा? हो, तेव्हाही. पूजा उचलायची होती ना, म्हणून जरा लवकरच.

त्यांना आता एक गोष्ट पक्की कळली होती आणि एक मुळीच कळत नव्हती. गेज कुणी झिजवला ते दिसू लागलं होतं. पण कशासाठी? ज्याला खराब माल पास करायचा आहे, त्याने गो घासलं असतं. नो-गो घासून चांगला माल भंगारात कोण घालवेल? दोन्ही टोकं सारखी घासणाऱ्याला मापाशी काही देणंघेणंच नव्हतं. त्याला गेज फक्त स्वच्छ करायचा होता. पण काचेच्या खोलीत, पेटीत, तेल लावून ठेवलेल्या पोलादावरून पुसून काढण्यासारखं असणार तरी काय?

त्यांनी पुन्हा गेज घेतला आणि मुठीच्या जाळीतला तो लाल कण सुईच्या टोकाने उकरला. मालावर मारायचा रंग असता तर पापुद्रा निघाला असता. सुईवर आली ती भुकटी. प्रज्ञेशने रंगाबद्दल जे सांगितलं ते खरं होतं, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना स्वतःचाच राग आला.

साडेतीन वाजत आले होते. ऑफिसात रेणुकाबाईंनी पर्स काढून टेबलावर ठेवली होती. अनघाबाई तडक बजरंगच्या लेथपाशी गेल्या.

कालपासून या माणसाला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, गेजला कोणी हात लावला. अनघाबाईंनी दुसराच विचारला. खंडेनवमीला पूजेत काय काय मांडलं होतं?

बजरंगचा चेहरा खुलला. असल्या गोष्टी त्याला सांगायला आवडत.

"दरसालचंच. मालकांचा मायक्रोमीटर, पाने, छिन्न्या, माजी लेथची टूलं. रेनुकावैनी सोता समदं पान्यानं धुत्यात, दुधाचा हात लावत्यात, मग हळदकुंकू, फुलं, वर नारळाचं पानी. लय निगुतीनं करत्यात. आन् मदी इड्याच्या पानावर, औंदा मानाचा म्हनून, त्यो नेव्हीचा गेज."

"बजरंगभाऊ, काल तुम्ही रेणुकाबाईंना सांगितलंत की गेजला कुणी हात लावला नाही."

"व्हय," बजरंग म्हणाला. "कुनी न्हाईच लावला. पुजेला ठिवला व्हता फकस्त."

५

ऑफिसात सगळे जमले. रेणुकाबाई खुर्चीत, सत्यम त्यांच्या मागे, सारिका आणि बजरंग भिंतीशी, प्रज्ञेश दाराशी. अनघाबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांना जे वाटलं ते त्यांनी कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं.

नवरात्रातला लॉट नौकेवर बसला, म्हणजे गेज तेव्हा बरोबर होता. दसऱ्यानंतरचा लॉट नापास झाला. मधे फक्त सुट्टी. दोन्ही टोकं सारखी घासलेली, म्हणजे फायद्यासाठी केलेलं काम नव्हे. घातपात करणारा एवढी निष्फळ मेहनत करत नाही. त्याने एक टोक घासलं असतं. गोल रेघा होत्या, म्हणजे गेज लेथच्या चकात धरून, तो फिरवून, पॉलिश पेपर लावलेला. हे सारिकाला जमणारं नाही. बजरंगला जमतं, पण त्यानेच तर चांगला माल फेकला जातो म्हणून आरडाओरडा केला. ज्याने गेज बिघडवला तो गेजकडे बोट दाखवत नाही. आणि बजरंग यायच्या आधी त्याच्या चकावरचं कुंकू पुसून कुणीतरी लेथ चालवला होता. त्या सकाळी कारखान्यात एकच माणूस होता.

सत्यमने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"आता तो का घासावा लागला, ते," अनघाबाई म्हणाल्या. "पोलादावरचं तेल धुऊन टाका, दूध लावा, ओली हळद, कुंकू, नारळाचं पाणी. मग हत्यार उचलायचं नाही, म्हणून ते तसंच दसऱ्यापर्यंत ठेवा, या घाटमाथ्याच्या दमट हवेत. दुसरं काय होणार? गंज चढला."

रेणुकाबाई ताठ झाल्या. "मी गेजला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त..."

आपण काय केलं, ते सगळ्यांसमोर त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. दरवर्षी बाजीराव आपला मायक्रोमीटर पूजेच्या मधोमध ठेवत. यंदा पहिल्यांदा विनाशिकेचं काम मिळालं होतं, तर मान नौदलाच्या वस्तूचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी आपल्या जुडग्यातल्या किल्लीने कपाट उघडलं, गेज काढला, मनोभावे न्हाऊ घातला. ते हात लावणं नव्हतंच मुळी. त्यांनी काल सगळ्या कारखान्याला विचारलं, फक्त स्वतःला विचारायचं राहिलं, आणि त्यात त्यांनी खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. किल्ल्याही कुणाला दिल्या नव्हत्या. पूजा उचलल्यावर गेज कपाटात ठेवून ये म्हणून सत्यमला जुडगं दिलं होतं, पण घरचा मुलगा तो, त्याला कोण मोजतं?

सत्यमने मग सांगून टाकलं. सकाळी फुलं बाजूला केली तर दोन्ही टोकांना तपकिरी डाग. काकूंना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, पूजेलाच बोल लागेल. लेथवर धरला, पॉलिश पेपर मारला, चकचकीत झाला. भरपूर तेल लावून ठेवून दिला. एवढ्याने माप जाईल असं त्याला वाटलं नाही. काल निरीक्षकांनी मोजल्यावर त्याला कळलं. मग बोलायची वेळ निघून गेली होती, आणि काकूंनी तोवर प्रज्ञेशचं नाव घेतलं होतं. ते त्याला सोयीचं पडलं. हे शेवटचं वाक्य तो स्वतः म्हणाला नाही, अनघाबाईंनी म्हटलं, आणि त्याने ते नाकारलं नाही.

बजरंग खाली बघत होता. सारिका पुन्हा रडत होती, पण आता सुटकेने.

अनघाबाई प्रज्ञेशकडे वळल्या. एवढा एक धागा त्यांना अजून सोडवता आला नव्हता.

"मुठीतलं कुंकू तुला काल दिसलं होतं."

"हो. निरीक्षक गेल्यावर भिंग लावलं तेव्हा."

"आणि सगळं कळलंही होतं. मग बोलला का नाहीस? चार वाजता तुझं काय होणार होतं ते तुला माहीत होतं."

शब्द नीट निवडून घ्यायची प्रज्ञेशची सवय होती, आणि आज तर ते निवडायलाच हवे होते.

"मी म्हटलं असतं, की पूजेने गेज बिघडला," तो म्हणाला. "मग गेज राहिला असता बाजूला, मॅडम. ओव्हाळांचा पोरगा आमच्या देवावर बोलला, एवढंच उरलं असतं. कारखान्यात, गावात, सगळीकडे. मी मुंबईला जाईन. आई बेडशालाच राहणार आहे."

अनघाबाईंना आपल्या फटकळपणाचा पहिल्यांदाच काही उपयोग सुचेना.

रेणुकाबाईंनी फोन उचलला. निरीक्षकांचा नंबर लावला आणि सगळ्यांच्या देखत, आवाज स्थिर ठेवत सांगितलं, की गेज मी स्वतः बिघडवला. पूजेला ठेवला, त्याला गंज चढला, तो माझ्या पुतण्याने घासून काढला. आमच्या तपासणीच्या माणसाचा यात काही दोष नाही, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला कुठे सांगावं लागलं तर हेच सांगा. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकून घेतलं. ऑर्डर राहील की जाईल ते वरचे लोक ठरवतील, असं ते म्हणाले असावेत, कारण रेणुकाबाई दोनदा फक्त "बरोबर आहे" म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

एकेक जण उठून कामाला गेला. सत्यम सर्वांत आधी गेला. प्रज्ञेशही निघाला, तेव्हा रेणुकाबाईंनी त्याला थांबवलं.

"प्रज्ञेश, मी तुला देवावरून बोलले असते, असं तुला खरंच वाटलं?"

"काल सकाळपर्यंत नव्हतं वाटत, ताई," तो म्हणाला. "मग तुम्ही मला काही न विचारताच माझं नाव घेतलंत. त्यानंतर वाटलं."

रेणुकाबाईंनी टेबलावरची पर्स उचलून खणात ठेवली. प्रज्ञेश तपासणीच्या खोलीकडे गेला. भंगारातले चांगले बुश आज वेगळे काढायचे होते.